मान हलवली, अशी नोंद

आश्रमशाळेमागच्या टेकडीवर, टेंभुरणीखाली,
तिथेच तेवढ्या रेंजच्या दोन काड्या.
शहाद्याच्या कोर्टातून फोन आला तेव्हा
एका हातात मोबाईल, दुसरा वर करून
ईश्वरसाक्ष शपथ घेतली मी.
बघायला कुणी नव्हतं, एक शेळी सोडून.

पलीकडे पंखा करकरतो, टायपिंगचा सडा पडतो
आणि मधूनमधून पिंजऱ्याच्या कठड्यावर
चांदीच्या कड्याचा आवाज.
रुमलीबाईंना मी ओळखतो ते एवढंच.

वकील विचारतात, मी पावरीत सांगतो :
त्या रात्री वेस्त्याच्या हातात कोयता होता का?
ती सुरुवात करते पहाटेपासून.
पाणी भरलं, कोंबडी खुडूक बसली होती,
दिराने हाक मारली, मग दुसऱ्यांदा मारली नाही.
मी सगळं मराठीत आणतो, ओंजळीतून आणावं तसं.
साहेब म्हणतात, मास्तर, मुद्द्याचं तेवढंच.
मी कोंबडी सोडून देतो.

“हो की नाही, इतकंच विचारा.”
विचारतो.
पंखा. पंखा.
कड्याचाही आवाज नाही.
“साक्षीदाराने मान हलवली,” कुणीतरी म्हणतं,
“मास्तर, याचा अर्थ काय घ्यायचा?”
“साहेब, मला दिसत नाही.”
“जरा तिरपी हलवली. उजवीकडे. मग खाली.”

टेकडीवर उभ्या उभ्या मी तशी मान हलवून बघतो,
तिरपी, उजवीकडे, मग खाली.
पुन्हा एकदा. शेळी चरायची थांबते.
भाकर संपलेली असली
आणि बापाने विचारलं, तू जेवलीस का,
की आई अशीच हलवायची.
त्याला हो म्हणत नाहीत. नाहीपण म्हणत नाहीत.
हे शपथेवर कसं सांगावं
ते ठरेपर्यंत दोन्ही काड्या गेल्या.

नोंद काय झाली, मला कुणी कळवलं नाही.
मानधनाचा कागद तेवढा आला :
दुभाषी, दूरध्वनीद्वारे, अकरा मिनिटे.

महिन्याभराने धडगावच्या बाजारात
चारोळीचा भाव विचारला
आणि समोरचा मापट्यावरचा हात थबकला.
चांदीचं कडं.
ती माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत राहिली,
आवाज इथून निघतो होय, अशी.
मी हळूच विचारलं, त्या दिवशी, बाई,
कोर्टात तुम्ही…

तिने मान हलवली.
हातभर अंतर. ऊन लख्ख. मला सगळं दिसत होतं.

मग तिने मूठभर चारोळी जास्तीची घातली
आणि पैसे मोजून घेतले.