तिसऱ्या तुकड्यातला खोकला

जालन्याच्या एमआयडीसीत, सरकीच्या बियाण्याच्या गोदामात,
दसऱ्याच्या आधी, माल नसतो तवा,
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर निजवून
चर्चचा पियानो आणला एस्तेर खरातनं.
मिशन दवाखान्यातल्या नर्सबाईंची पोरगी.
दोन पट्ट्या मुक्या. एकीच्या खाली
उंदरानं कापसाचं घर केलेलं.
काढू दिलं नाही तिनं. म्हणली, राहू द्या, जिलानीचाचा,
तिथं आलं की मी दम घेईन.

रात्री वाजवायची. दिवसा ट्रका.
सळईच्या मिलचा भोंगा दोनला,
त्याच्या आत तुकडा संपवायचा, असा हिशोब.
मला सांगितलेलं: पंखा बंद, मोबाईल बंद,
चाव्यांचा जुडगा रुमालात बांधा.
मी चौकीदार. गप बसायचाच पगार घेतो.

नांदेडचा एक पोरगा ड्रमवर तारांचा कुंचा फिरवायचा,
सुपात ज्वारी पाखडावी तसा,
आन् ती डाव्या हातानं घरी निघायची,
उजव्या हातानं, नाई जायचं म्हणायची.
ह्याला जॅझ म्हणतात म्हणे.
मला आमची अम्मा आठवली,
बाजारातून निघता निघता
मागं वळून परत भाव करायची ती.

तिसऱ्या तुकड्याला सगळं जुळलं.
मुक्या पट्टीपाशी ती थांबली.
पत्रासुद्धा तडकंना.
आन् तिथंच
माझ्या छातीतली वीस वर्षांची सरकीची धूळ
उठली.

रेकॉर्डिंगवाल्यानं कपाळावर हात मारला.
पुन्हा घेतला. पुन्हा. भोंग्यापर्यंत सात वेळा.
सातही बरोबर.
नुसतेच बरोबर.
ती झाकणावर डोकं टेकून म्हणली,
पहिलाच ठेवा. चाचासकट.

पहिला अल्बम तिचा, नातीनं फोनवर लावला.
काय वाजवायली ही बाई, म्हणता म्हणता
दचकली. नाना, हे तर तुम्ही!
बायकोची भाकरी हातातच राहिली.
म्हणली, डॉक्टरला दाखवा म्हणत होते,
आता सगळ्या जगाला ऐकू गेलं.

गोदाम भरलंय आता. पत्र्यापर्यंत पोती.
रात्रीच्या फेरीत मी एक टाळी वाजवून बघतो.
काहीच परत येत नाही.
पियानो होता तिथं, नवव्या थप्पीपाशी,
जरा थांबतो.
खोकला आला
तर दाबीत नाही.