पलीकडचा धूर

पंज नदी इथे एवढी अरुंद
की पलीकडे कुणी खोकलं
तर गुलबेगिमचा हात तंदुराशी थबकतो.
गेल्या हिवाळ्यात समोरच्या वस्तीत
अकरा छपरांवर धूर असायचा,
यंदा सात.
नान थापता थापता ती रोज मोजते.

पूल शनिवारी उघडला, दोनच तास.
शिपायाने सळई खुपसून पाहिली पोत्यांत.
पीठ, वाटाणे, तेलाचे डबे,
आणि छत्तीस घोंगड्या.
तीन वस्त्यांच्या यादीत घरं सदतीस.

गुलबेगिम काही बोलली नाही.
घरी जाऊन आली.
लग्नातली लाल रजई,
एका कोपऱ्यात निखाऱ्याने जळलेली,
ठेवली गठ्ठ्यावर.
घडीत मूठभर सुकी तुती,
सळईला लागणार नाही अशी.

सोमवारी शोदमोन दुर्बीण घेऊन ओरडला,
"आई, तुझी रजई गाढवावर!
आपण इथे एका पांघरुणात तिघं,
आणि तिकडे गाढव!"

पिठाचे हात पुसत ती बाहेर आली.
पाठीवर लाल, कानांवर बर्फ,
दोन्ही अंगांना पाण्याचे डबे,
चढावर उभं होतं ते.
शेजारची म्हातारी त्याला काहीबाही सांगत होती,
माणसाला सांगावं तसं.

"बरोबर केलंय," गुलबेगिम म्हणाली.
"हे गेलं तर पाणी कोण वाहील?"

मग डोळे बारीक करून मोजू लागली.
सात.
नाही, थांब,
त्या टोकाच्या घरात कुणीतरी
ओलं लाकूड पेटवू बघतंय.