दुधाची वही

लुटेनहागन: दोनशे बारा माणसं,
एक आगीचा बंब, बसथांबा आहे, बस नाही.
पहिला उल्लेख बाराशे चौऱ्याहत्तरचा,
तोही देण्याचा: मठाला अकरा कोंबड्या
आणि ओटचं एक माप. आम्ही दिलं नव्हतं.
म्हणून तर लिहिलं गेलं.

यंदा साडेसातशे वर्षं. सरपंच म्हणाले, पुस्तिका काढू.
काम अर्थातच आल्मुट टिदेमानकडे,
जी तीस वर्षं गोठ्यागोठ्यातून
दुधाचं फॅट लावत हिंडली
आणि माणसांबद्दल कमी बोलली.

गावाच्या बखरीत सगळं आहे.
वीज पडून गवती छपरं जळाली ते,
तोफांसाठी घंटा उतरवली ते,
शाळामास्तर दलदलीत एक बूट हरवून परतले, तेसुद्धा.
फक्त अडतीसनंतर एकदम सेहेचाळीस.
मधली पानं ब्लेडनं, शिवणीलगत, नीट कापलेली.
कुणी कापली, आम्हाला ठाऊक आहे.
त्याच्या नातवाकडून आम्ही बटाटे घेतो.

आल्मुटनं कुणाला विचारलं नाही.
जुन्या डेअरीच्या माळ्यावर चढली, वह्या काढल्या.
आकडे खोटं बोलत नाहीत असं नाही,
पण त्यांना ब्लेड कुणी लावत नाही.
लोटे, बेर्टा, एर्ना. बारा लिटर, नऊ, साडेदहा.
मार्च त्रेचाळीस: कालवड झाली,
कपाळावर पांढरा ठिपका. नाव झिर्का.

असा शब्द आमच्या बोलीत नाही.
शेजारी मालकाच्या अक्षरात:
'पूर्वेच्या पोरीनं ठेवलं.'
पोरीचं नाव नाही.

पुढच्या वह्यांत झिर्का दुसरी, तिसरी, सातवी.
आल्मुट सायकलवरून थेट योर्न बेरेन्सच्या गोठ्यात.
झिर्का अठरावी रवंथ करत उभी, कानात पिवळा बिल्ला.
"आमच्याकडं पहिल्यापासून आहे हे नाव," योर्न म्हणाला,
"अर्थबिर्थ काही नाही त्याला."
आणि बटाट्याचं पोतं उगाच इकडचं तिकडं ठेवलं.

जुन्या शाळेत पोल्टावाहून आलेली ओडार्का राहते,
दोन मुलं, एक शिवणयंत्र.
ती हसली. म्हणजे चांदणी, म्हणाली.
आमच्याही घरी होती एक. मारकी.

पुस्तिकेत त्या आठ वर्षांसाठी एकच ओळ:
'मार्च १९४३. कालवड झाली, नाव चांदणी.
नाव ठेवणारीचं नाव कुणी लिहिलं नाही.'
सरपंचांनी विचारलं, एवढंच?
आल्मुट म्हणाली, एवढंच सापडलं.

योर्न उत्सवाला आला नाही.
संध्याकाळी कुरणाच्या फाटकाशी
त्यानं गायी नावानं हाकारल्या, नेहमीसारख्या,
एकीपाशी जरा अडखळून.