चारशे त्रेचाळीस

जेल रोडच्या खोलीत, रात्री पावणेदोनला
ऐंशी नंबरचं दार मी लावून घेतो,
चारशे त्रेचाळीस उघडतो.
पतसंस्थेचं सर्टिफिकेट आज संपलं.
सकाळी ओझर-पिंपळगावच्या बाया बचत गटाचा हप्ता भरायला बसतील
आणि ब्राउझर त्यांना म्हणेल, पुढे धोका आहे.

किल्लीची फाईल. परवानगी सहाशे:
मालकाखेरीज कुणी वाचू नये.
जुने प्रोटोकॉल एकेक करून खोडले.
एका अर्धविरामापायी सर्व्हर दोनदा रुसला.

अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये होते, एकतीस वर्षं.
सुटी झाली की गेटवर
जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचे.
घरी आम्ही विचारायचो, आज किती छापल्या?
ते म्हणायचे, भाजीत मीठ कमी आहे.

रीलोड.
पलीकडून कुणीतरी विचारतं, तू कोण?
माझं यंत्र कागद दाखवतं.
मग दोघं मिळून एक गुपित ठरवतात,
ते मलाही कळत नाही.

पट्टीच्या कोपऱ्यात कुलूप उमटलं, नखाएवढं.

आतल्या खोलीत अण्णा उताणे झोपलेत,
हात दोन्ही बाजूंना पसरलेले,
झडती द्यावी तसे.