नमुना एकतीस

धुळ्यातली एप्रिलची दुपार, पारा चव्वेचाळीस.
पदार्थविज्ञानाच्या मागच्या खोलीत
खिडकीला ओला पंचा टांगून
मी रबर ओततेय साच्यात.
साच्याला खड्डे आहेत, तिळाएवढ्या जागेत पाऊण लाख,
डोळ्याला मात्र नुसतीच चकती,
तिरपी धरली तर मोराच्या गळ्याची झाक.

डिंक नाही, खळ नाही, सरस नाही.
नुसते केस, रबराचे,
माझ्या केसाच्या विसाव्या हिश्शाइतके जाड.
ते काचेच्या इतके जवळ जावेत
की काचेने त्यांना परकं समजू नये.
तेवढीच ओढ. बाकी त्यात काही नाही.

नमुना सात : केस उंच ठेवले.
उंच झाले ते एकमेकांच्या अंगावर रेलले,
जत्रेहून परतणाऱ्या ट्रॅक्टरमधल्या पोरांसारखे,
आणि काच राहिली बाजूला.
नमुना बारा : आखूड. ताठ. कुणालाच भेटेनात.
नमुना चोवीस : प्रत्येक टोकाला आळंबीची टोपी.

चोवीसचा चार बोटं रुंद तुकडा
भिंतीतल्या जाड काचेवर दाबला
आणि भिला आप्पांनी स्वतःची सायकल टांगली त्याला.
राहिली.
मी टाळ्या वाजवल्या, शिपाई बघायला आले,
प्राचार्यांनी फोटो काढला.
मग सायकल निघेना.
ओढली, हिसडली, पट्टी घातली कडेला,
काच कुरकुरली तेव्हा थांबलो.
आप्पा त्या दिवशी देवपूरपर्यंत पायी गेले.

सकाळी आले ते ट्यूबलाइटकडे बघत.
आयुष्य जिनिंगमध्ये गेलं त्यांचं,
बनियनला चिकटलेला कापूस
एका झटक्यात सोडवणारा हात.
"देख बेटा," म्हणाले, "ती धरस, ते सोडस बी."
वर पाल होती.
बोटं टोकाकडून उलटी वळवायची,
पाऊल उचलायची,
सेकंदाला कितीदा तरी भिंतीशी नातं मोडून
परत जोडायची.

तेव्हापासून मी चिकटवत नाही, सोडवत बसते.
केसांना कल दिला, वीस अंश, मग पंचवीस.
खाली ओढलं तर धरतील,
कडेने उचललं तर सुटतील.
एकतीसने हे केलं. चार दिवस केलं.
पाचव्या दिवशी घसरला.
भिंगाखाली पाहिलं :
केसाकेसावर धूळ.
गावाच्या नावातच आहे ती, कुणाला बोलणार.

आणि हे सगळं कशासाठी, तर
साक्रीच्या माळावरच्या सौर काचांवर
तळहाताएवढं एक यंत्र चालावं
आणि धूळ पुसावी त्याने.
पालीचा पाय चालता चालताच स्वच्छ होतो,
पाचसहा पावलांत, पाण्यावाचून.
माझ्या एकतीसला
रोज अंघोळ घालावी लागते.

लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणे.
माझ्या मनातली आवाज करत नाही,
उलटी चालते, छतावरून,
आणि बत्तीस, तेहतीस, चौतीस मोजत जाते.

काल रात्री वीज गेली.
मेणबत्तीपाशी आकडे उतरवताना
ती पडली. खरंच पडली, वरून,
उघड्या वहीवर, फट्ट.
(म्हणजे तीही चुकते.
हे लिहून ठेवावंसं वाटलं.)
आप्पांनी लगेच भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं,
पालपतनाचं कोष्टक शोधलं, बोट फिरवलं :
डोक्यावर, उजव्या खांद्यावर, डाव्या पायावर...
"वहीनं काहीच नही शे."

दोघं वाकून बघत राहिलो.
पोट धपापत होतं तिचं, शाईच्या वर.
मग शेपटी हलली,
कोन आणि भार या दोन रकान्यांमधून
ती चालत गेली, टेबलाच्या कडेवरून खाली,
कागदावर
काहीही न ठेवता.