फक्त ओठ हलव

नवतप्याचा दुसरा दिवस. धंतोलीतली एक शाळा,
वरच्या मजल्यावरचा हॉल, आणि आम्ही एकेचाळीस जण
जिल्ह्यातून बोलावलेले संगीत शिक्षक.
म्हणजे आदेशात तसं लिहिलंय.
खरं तर कुणी भूगोलाचा, कुणी पोषण आहाराच्या तांदळाचा,
कुणी मागल्या निवडणुकीपासून मतदार यादीचाच.
माझी पेटी कपाटात, तिच्यावर खडूचे खोके,
आणि तिचा कोमल धैवत
तीन वर्षं झाली, दाबलेलाच आहे.

सकाळी सही, फाईल, पेन, तर्री पोहे.
मग पडद्यावर अध्ययन निष्पत्ती, पहिली ते सातवी.
कामठीचे इस्माईल सर पेंगता पेंगता पुटपुटले,
"बावा, कूलर ऐक. काळी चार लावली त्यानं."
आणि खरंच.
पारशिवनीच्या वंजारी मॅडमनी हळूच पंचम धरला,
मागच्या रांगेतून कुणीतरी गंधार,
आणि निष्पत्ती क्रमांक सात वाचणारे साहेब
चष्मा काढून पाहू लागले
गळती कुठून आहे ते.

दुपारी लाईट गेली.
पडदा गेला, कूलर गेला, साहेब जेवायला गेले.
सा मात्र थोडा वेळ तसाच राहिला हॉलमध्ये,
कोण नाकातून धरून बसलं होतं, कळलं नाही.

उरल्या खानझोडे बाई. साठीच्या, डोक्याला ओला दुपट्टा.
म्हणाल्या, "तुमच्यापैकी कुणी कुणी पोराला सांगितलंय,
गाऊ नको, फक्त ओठ हलव?"

एकही हात वर नाही.
उकाडाही तसाच होता म्हणा.

"बेसूर पोर नसतं हो," बाई म्हणाल्या, "हरवलेलं असतं.
तुम्ही काळी दोनमध्ये बसून हाका मारता,
ते तिथं येईल कसं?
आधी त्याला ओरडू द्या. भाजीवाला, भोंगा, म्हैस, काहीही.
सूर सापडला की तुम्ही तिथं जा,
मग बोट धरून
एकेक पायरी उतरवत आणा घरी.
घाई करायची नाही."
नाकाडे गुरुजींनी भोंगा केला,
खालच्या वॉचमननं गेट उघडलं.
सगळे हसले. मीही.

पण मला दिसत होता गजेंद्र कुमरे, सहावी ब.
नऊ वर्षांपूर्वीची सव्वीस जानेवारी, दुसरी रांग,
नव्या शर्टावर घडीच्या रेघा तशाच.
मी म्हटलं होतं त्याला, प्रेमानंच,
"तू फक्त ओठ हलव, राजा."
त्यानं हलवले. इतके छान हलवले
की गटशिक्षणाधिकारी त्याच्याकडेच बघून
मान डोलवत होते.

हाच गजेंद्र संध्याकाळी नाल्यापलीकडच्या बकऱ्यांना
हाळी द्यायचा.
ती लागायची थेट तार षड्जाला,
केसभर इकडं नाही, तिकडं नाही.
मी सायकल थांबवून ऐकली होती, एकदा नाही,
पाच-सहादा.
आणि घंटी वाजवून पुढं गेलो होतो.
बकऱ्यांना कळत होतं.

चार वाजता लाईट आली, कूलर पुन्हा काळी चार.
प्रमाणपत्रं आली. माझ्यावर 'संगित', ऱ्हस्व.
मग अभिप्रायाचा फॉर्म:
या प्रशिक्षणातून आपण काय शिकलात? पन्नास शब्दांत.
जागा दोन ओळींची.

मी लिहिलं,
गजेंद्र कुमरे, सहावी ब.

फॉर्म गोळा करणारा पोरगा थबकला.
"सर, नाव वर लिहा लागते. इथं नाही."

म्हटलं, वर लिहिलंय की.
माझं.