काटाघरातला तान्हा पोळा

बंद पडलेल्या जिनिंगच्या काटाघरात
आमच्या गावाचं वस्तुसंग्रहालय आहे.
दोन खोल्या, अकरा कपाटं, एक पंखा.
किल्ली माझ्याकडे,
कारण निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाईंना
दुसरं काम काय, असं ग्रामसभेत ठरलं.

'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी मीच रंगवली,
'लावू'चा उकार शेपटीसारखा लांबला.
वर्षातून एकदा ती पाटी मीच भिंतीकडे तोंड करून ठेवते,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

पहाटेच पोरं मारबत घेऊन शिवेकडे पळतात,
खोकला, ढेकूण, रोगराई, सगळं ने म्हणून ओरडत.
तो आरडाओरडा ऐकत
मी चार नंबरच्या कपाटाच्या कुलपात तेल सोडते.

नोंद एकेचाळीस. लाकडी नंदी. सागवान.
उंची वीतभर. डावं शिंग मोडकं. चाकं तीन.
देणाऱ्याच्या रकान्यात: झाडे यांचे घर.
त्या घराच्या जागी आता मोबाईलचा टॉवर आहे
आणि झाडे पुण्याकडे कुठंतरी.

दुपारी अंगण भरतं.
कुणाच्या बैलाला लायटिंग, कुणाच्या बैलाला गॉगल,
हिंगणघाटाहून भाड्यानं आणलेला एक तर
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावत नाही.
दोन शंकर, एक सैनिक, एक डॉक्टर.
पहिलं बक्षीस स्टीलचा डबा.

झडत्या संपल्या की मी वाचायला उभी राहते.
कोतवाल बुकाची झेरॉक्स, एकोणीसशे अठरा, मानमोडी.
त्याही वर्षी पोळा भरला होता,
मारबतही शिवेपार गेली होती, नीट, वाजतगाजत.
मग रोग रेल्वेनं आला की बाजारातून
ते बुकात नाही.
बुकात फक्त शाई पातळ होत जाते
आणि मधेच अक्षर बदलतं.
आधीचा कोतवाल सत्ताविसावं नाव आहे.

बाया पदर सावरतात, पोरं चुळबुळतात,
मी वाचत जाते.
सगुणा, जवजे पाटलाचा गडी, नाव नाही, नाव नाही,
"कान्हा वल्द आडकू झाडे. वय सात."

"हजर, मॅडम!"

पहिलीतला कान्हा भोयर. हात वर.
आईनं टपली मारली, "अबे, तुह्यं नाव नोहोय ते!"
हशा उठला, अर्ध्यातच बसला.
वर टिटवी ओरडत गेली
आणि पुढचं नाव मला दिसेना.

दोरी कुणाच्या हाती द्यायची
हा घोळ झाडे गेल्यापासूनचा.
यंदा मी त्यालाच दिली.

"याचं चौथं चाक कुठी हाय?"
हरवलं.
"कोनापासून?"
तेहेतीस वर्षं शिकवलं मी,
आणि उभी राहिले नुसती.

"मंग मी उचलून धरतो त्या बाजूनं."

आणि निघाला. कंबरेत वाकलेला,
एका हातात दोरी, एका हातात नंदीचा मोडका कोपरा,
स्वतःचा बैल शर्टात खुपसलेला, शिंगं गळ्याशी.
प्रत्येक दारात थांबून सांगत होता,
"दोन बैल हायेत. बोजारा दोघांचा द्या."
पानठेल्यावाल्या शेषरावनं एकाचाच दिला
तर तिथून हलला नाही.

संध्याकाळी नंदी परत आला.
चाकांत काळी माती, मानेला कुणी बांधलेला
झेंडूचा एक तुकडा.
माझ्या हातात ओलं फडकं होतं.

वहीत 'स्थिती' असा रकाना आहे,
उत्तम, मध्यम, खराब. दरवर्षी मध्यम लिहिते.
यंदा लिहिलं, 'चालला. टॉवरपर्यंत आणि परत.'
तालुक्याचे साहेब विचारतील, विचारू देत.

फडकं तसंच वाळत घातलं.
पाटी सुलटी करायची राहिली आहे.
उद्या करीन.